आंबट जमिनीतलं भात

एप्रिल २०२१ मध्ये मी आमचं शेत खोल नांगरून घेतलं आणि पुढची तीन वर्षं ती चूक निस्तरण्यात गेली.

माझं माहेर राजापूर तालुक्यातलं. आमच्याकडे भात निघालं, की जमिनीत ओल आहे तोवर नांगरट करायची आणि ढेकळं मे महिनाभर उन्हात तापू द्यायची. तण मरतं, किडींची अंडी मरतात, पहिल्या पावसात माती लोण्यासारखी फुटते. बाबांचा त्यावर फार जीव. नांगरट न केलेलं शेत दिसलं, की ते त्या घराबद्दलच काळजी करायचे.

सासर केरळातलं, आलप्पुळा जिल्ह्यात पुरक्काडजवळ. आम्ही वीस वर्षं मुंबईत होतो. सासरे गेल्यावर नवऱ्यानं नोकरी सोडली आणि आम्ही इथं आलो. जमीन २ एकर ४० सेंट. इथं गुंठे मोजत नाहीत, शंभर सेंटचा एकर. ती दोन वर्षं खंडानं दिलेली होती. मला भातशेती येते या भरवशावर आम्ही ती परत घेतली. ट्रॅक्टर फिरत होता तेव्हा अम्मा, म्हणजे माझ्या सासूबाई, बांधावर उभ्या होत्या. "इतकं खाली नको मोळे, खाली पुळि आहे," एवढंच म्हणाल्या. मोळे म्हणजे मुली. पुळि म्हणजे चिंच, हे मला माहीत होतं. पुळि म्हणजे आंबटपणासुद्धा, आणि तो जमिनीलाही असतो, हे माहीत नव्हतं.

आमचा हा पाणथळ भाग म्हणजे कुट्टनाड. त्यातली बरीचशी शेतं समुद्रसपाटीच्या खाली आहेत. पावसाळाभर ती पाण्यात असतात. ऑक्टोबरात पंप लावून पाणी उपसायचं, नोव्हेंबरात पेरायचं, मार्चमध्ये कापायचं, हे इथलं मुख्य पीक. त्याला पुंजा म्हणतात. त्यातही पुरक्काड, अंबलप्पुळा, तकळी, करुवाट्टा या पट्ट्यातली माती वेगळी, तिचं नाव करी. करी म्हणजे कोळसा. माती खरोखर कोळशासारखी काळी असते. दोन हात खणलं, की तिच्यात जुन्या झाडांचे ओंडके सापडतात, न कुजलेले, काळेठिक्कर. त्यांना इथं कांडामरम म्हणतात. कधीकाळी खाडीकाठचं दलदलीचं जंगल इथं गाडलं गेलं, त्याचे हे अवशेष. काळी माती म्हणजे कसदार, हा आपल्याकडचा समज मी सोबत घेऊनच आले होते. माहेरच्या तांबड्या जांभ्या मातीपुढे ही माती बघून मला हरखून गेल्यासारखं झालं होतं.

नांगरटीनंतर महिनाभरानं ढेकळांवर पिवळे ठिपके आले. हळद सांडावी तसे. मी त्यांचे फोटो काढून ठेवले, कारण ते दिसायला सुंदर होते.

त्या नोव्हेंबरात आम्ही उमा पेरली. ही तांबड्या दाण्याची जात इथल्याच मंकोंबूच्या भात संशोधन केंद्रातली, आणि कुट्टनाडात सगळीकडे तीच दिसते. पेरणी आपल्या कोकणातल्या रहूसारखी, मोड आलेलं बियाणं चिखलावर फोकायचं. उगवण चांगली झाली. पंधराव्या दिवसापर्यंत रोपं हिरवीगार होती, मग ती तिथंच थांबली. पानं अरुंद, ताठ, नको इतकी गडद हिरवी. खालच्या पानांवर टोकाकडून तपकिरी ठिपके पसरत गेले, गंज चढल्यासारखे. फुटवे येईनात. वाफ्यातलं पाणी मात्र काचेसारखं नितळ होतं, तळातला प्रत्येक देठ दिसायचा. कडेला तांबूस तेलकट तवंग. मला वाटलं, पाणी तरी स्वच्छ आहे.

शेजारचे चेट्टन (चेट्टन म्हणजे थोरला भाऊ) आले, पाण्यात बोट बुडवून जिभेला लावलं आणि म्हणाले, "पुळियिळक्कम." आंबटपणा उठलाय. नितळ पाणी ही इथं धोक्याची खूण आहे, हे त्यांनीच सांगितलं. पाण्यात ॲल्युमिनियम विरघळलं, की गाळाचे कण एकमेकांना चिकटून खाली बसतात आणि पाणी निवळतं, तुरटी फिरवल्यावर निवळतं तसंच. चांगल्या वाढीच्या शेतातलं पाणी थोडं गढूळ असतं.

मी घाबरून डीएपी आणलं, म्हणजे स्फुरद (फॉस्फरस) आणि नत्र देणारं खत. एकदा टाकलं, पंधरा दिवसांनी पुन्हा टाकलं. रोपं हलली नाहीत. एकरी नऊ क्विंटलही भात झालं नाही. एकाच बांधाच्या आतल्या शेतकऱ्यांची इथं समिती असते, त्या समितीत आमच्या शेजारच्यांना अठरा-एकोणीस मिळालं होतं. भात मळून गेल्यावर मोकळ्या शेतात बदकांचे कळप सोडतात, ते आमच्याही शेतात आले, तेव्हा राखणारा म्हणाला, "इथं सांडलेलं फारसं नाही." ते वाक्य मला लागलं.

त्यानंतर मी कृषी भवनात गेले. केरळात प्रत्येक पंचायतीला एक कृषी भवन असतं. तिथल्या कृषी अधिकारी माझ्याहून दहा वर्षांनी लहान, पण त्या शेतात येऊन गुडघाभर खड्डा खणायला लावून त्यात उतरल्या. मोबाइलमधले पिवळ्या ठिपक्यांचे फोटो बघून त्या गप्प झाल्या. मग खड्ड्याच्या तळातली करडी-काळी माती कपात घेऊन तिच्यावर हायड्रोजन पेरॉक्साइड ओतलं. माती फसफसली, कप हाताला गरम लागला. सामू (pH) बघायची कागदाची पट्टी बुडवली, ती लालभडक झाली. सामू जितका कमी, तितकी माती आंबट.

खाऱ्या पाण्याच्या दलदलीत कुजणारा पालापाचोळा, समुद्राच्या पाण्यातलं गंधक आणि गाळातलं लोह यांच्यापासून हजारो वर्षांत पायराइट नावाचं खनिज तयार होतं. पाण्याखाली आहे तोवर ते कुणाच्या वाटेला जात नाही. हवा लागली, की त्याचं गंधकाम्ल होतं. बॅटरीत असतं ते. माझ्या ढेकळांवरची हळद म्हणजे त्याच क्रियेचा उरलेला गाळ होता. बाबांच्या जमिनीत जी नांगरट पुण्याची होती, तिनंच इथं मी जमिनीखालचं आम्ल उघडं केलं. ही गोष्ट बाबांना फोनवर सांगताना मला रडू आलं होतं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "आता सासूबाईंना विचारत जा."

माती परीक्षणाचा कागद आला. सामू ३.८. सेंद्रिय कर्ब भरपूर. उपलब्ध स्फुरद जवळजवळ नाही. मी दोनदा डीएपी टाकलं होतं, ते गेलं कुठं? अधिकारी म्हणाल्या, "कुठंही गेलं नाही, शेतातच आहे." इतक्या आंबट मातीत लोह आणि ॲल्युमिनियम विरघळून मोकळे होतात आणि स्फुरद दिसला, की त्याला धरून घट्ट बसतात. डीएपीमधला स्फुरद पाण्यात झटकन विरघळतो, म्हणून तो झटकन पकडलाही जातो. मुळांच्या हाती काही लागत नाही. आमच्या जांभ्या मातीतही स्फुरद असाच अडकतो, पण इथल्याइतका नाही. आणि स्फुरदाविना मूळ वाढत नाही, मूळ दुबळं राहिलं की लोहाचं विष त्यालाच आधी बाधतं. मी उपटून आणलेल्या रोपांची मुळं आखूड होती आणि विटेच्या रंगाची. त्यांच्यावर लोहाचं पूट चढलं होतं.

त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. चुना आणि राजफॉस. राजफॉस म्हणजे दळलेला फॉस्फेटचा दगड, उदयपूरजवळच्या झामरकोटड्याच्या खाणीतला. तिथला साठा १९६८ मध्ये सापडला. अब्जावधी वर्षांपूर्वीच्या उथळ समुद्रातल्या सूक्ष्म जीवांनी घडवलेला तो खडक आहे. पोतं फोडलं, तेव्हा राखाडी पीठ बोटांवर घेऊन मी हा विचार करत बसले होते, की राजस्थानातला जुना समुद्र आम्ही केरळातल्या जुन्या दलदलीत कालवतोय. साध्या जमिनीत हे पीठ विरघळतच नाही, टाकून उपयोग नसतो. आंबट जमिनीत मातीतलं आम्लच त्याला हळूहळू विरघळवतं. स्वस्तही आहे. जमिनीचा दोषच इथं कामाला लावायचा, ही कल्पना मला अतिशय आवडली.

तरीही दुसरं वर्ष वाया गेलं. मजूर दोनच दिवस मिळणार होते, म्हणून राजफॉस आणि चुना मी एकाच सकाळी टाकून घेतले. चुनाही मी हौसेनं जास्त टाकला. इथला चुना वेंबनाड तलावातल्या काळ्या शिंपल्या भाजून केलेला असतो, त्याला कुम्मायम म्हणतात. त्या दिवशी वारा सुटला, माझ्या दोन्ही दंडांवर चुन्यानं फोड आले. एकरी बारा क्विंटलच्या आसपास भात झालं. पहिल्या वर्षापेक्षा बरं, पण खर्च बघता काहीच नाही. अधिकाऱ्यांना तारखा दाखवल्या, तेव्हा त्यांनी कपाळावर हात मारला. राजफॉस विरघळायला आम्ल लागतं आणि मी त्याच दिवशी चुन्यानं आम्ल मारून टाकलं होतं. दगडाचं पीठ दगड होऊनच पडून राहिलं.

सगळा घोळ क्रमाचा होता. मी पिशव्या मोजत बसले होते, दिवस मोजले नव्हते.

तिसऱ्या वर्षाची तयारी मार्च २०२३ मध्ये, कापणीच्या दुसऱ्याच दिवशी सुरू झाली. नांगर घातला नाही. रोमटं, म्हणजे कापणीनंतर उरलेली भाताची खुंटं, तशीच ठेवली आणि समितीला विनवून पाणी लवकर आत घेतलं, म्हणजे उन्हाळ्यात जमिनीला भेगा पडणार नाहीत. हे बोलायला सोपं आहे. कुट्टनाडात तुमचं शेत तुमचं असतं, पाणी सगळ्यांचं. एका बांधाच्या आतली सगळी शेतं मिळून पाडशेखरम होतं आणि पंप कधी चालू, कधी बंद, हे समिती ठरवते. मला बैठकीत उभं राहून मोडक्यातोडक्या मल्याळममध्ये पायराइट समजावून सांगावं लागलं. एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं मध्येच म्हटलं, की पूर्वी करी जमिनीत एक वर्ष आड करूनच पीक घ्यायचे, मधलं वर्ष पाणीच राहायचं. त्यांनी तसं म्हटल्यावर बैठक माझ्या बाजूला झुकली.

दरवर्षी पिकाखालची जमीन कोरडी ठेवायला लागल्यापासून आंबटपणा धुऊन जायला वेळ मिळत नाही, असं इथले जुने लोक सांगतात. १९५५ मध्ये तोट्टप्पल्लीला पुराचं पाणी समुद्रात सोडणारा स्पिलवे झाला, सत्तरच्या दशकात तण्णीरमुक्कमचा बांध झाला. त्यानं उन्हाळ्यात खारं पाणी आत यायचं थांबलं आणि पुंजा सुरक्षित झाला, पण भरती-ओहोटीनं शेतं आपोआप धुतली जायची तेही थांबलं. त्यातलं चूक काय, बरोबर काय, हे ठरवण्याइतकी मी इथं जुनी नाही. माझ्या पिकाला मात्र दोन्हींचा परिणाम भोगावा लागतो.

ऑक्टोबरात पेट्टी-परा सुरू झाली. हा इथला जुना लाकडी पंप, पेटी आणि पिंप मिळून झालेला, त्याची घरघर रात्रभर ऐकू येते. पाणी उतरल्यावर चिखलणी केली ती फक्त वीतभर, त्याखाली जायचं नाही. मग नदीचं गोडं पाणी आत घेतलं, तीन दिवस ठेवलं, सोडून दिलं. पुन्हा घेतलं, पुन्हा सोडलं. पहिल्या धुण्यानंतर चरातल्या पाण्याचा सामू ३.९ होता, दुसऱ्यानंतर ४.५. धुणं आधी उरकायचं, कारण स्फुरद टाकल्यावर गढूळ पाणी बाहेर सोडलं, तर आपलं पीठ समितीच्या चरात जातं.

त्यानंतर राजफॉस, एकरी दोन पोती. वर नुसतं पसरून ठेवलं नाही, लगेच चिखलात कालवलं. मग पंधरा दिवस काहीही नाही. जमीन ओली ठेवायची, पण पाण्याखाली बुडवायची नाही, कारण पाणी साचलं की सामू चढतो आणि विरघळणं मंदावतं. हे पंधरा दिवस मला सगळ्यात जड गेले. शेजाऱ्यांचा चुना टाकून झाला होता, काहींचं बियाणं भिजत पडलं होतं, आणि आमचं शेत काळ्या चिखलाचं नुसतं पडून होतं. नवऱ्याला रोज कुणीतरी विचारायचं, की बायको गावी गेली का.

सोळाव्या दिवशी चुना, एकरी २०० किलो. आठवड्यानं पेरणी. बारा दिवसांची रोपं झाल्यावर एकरी २५ किलो सिंगल सुपर फॉस्फेट, चाळलेल्या शेणखतात मिसळून. हे कृषी भवनातल्या बाईंच्या सल्ल्यानं. राजफॉस सावकाश मिळतो, पण इवल्या मुळांना पहिल्या तीन आठवड्यांतच स्फुरद लागतो. सुपर फॉस्फेटमधला लगेच मिळतो आणि शेणखतात असल्यामुळे तो लोहाच्या तावडीत जरा उशिरा सापडतो. चुन्याचा दुसरा हप्ता महिन्यानं, युरियापासून आठवडाभराच्या अंतरानं, नाहीतर नत्र हवेत उडून जातं. पालाशही (पोटॅश) चुकवला नाही. आणि वाफ्यातलं पाणी दर आठ-दहा दिवसांनी बदललं.

एक पट्टी मात्र मी वेगळी ठेवली. पाच सेंटची, पूर्वेच्या बांधालगत, मध्ये छोटी मेर घालून. तिला चुना, युरिया, पालाश, पाणी सगळं तेच, फक्त राजफॉस आणि सुपर फॉस्फेट नाही. दोनदा फसल्यावर मला डोळ्यांनी बघायचं होतं, की फरक स्फुरदाचा आहे, की धुण्याचा, की नुसत्या चांगल्या वर्षाचा. अम्मांना हे अजिबात पटलं नाही. एकाच ताटातल्या दोन लेकरांपैकी एकाला उपाशी ठेवतेस, असं त्या म्हणाल्या आणि दोन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलल्या.

पंचविसाव्या दिवसापर्यंत फरक दिसेना. माझी झोप उडाली होती. तिसाव्या दिवसानंतर तो बांधावरून दिसू लागला. पट्टी गडद, ठेंगणी, विरळ. मेरेच्या अलीकडचं भात फिकट पोपटी हिरवं आणि पसरलेलं. बांबूच्या कामट्यांची फूटभर चौकोनी चौकट करून मी पस्तिसाव्या दिवशी फुटवे मोजले. पट्टीत चौकटीमागे २१-२२, बाहेर ३५-३६. दोन्हीकडची चार-चार रोपं उपटून बादलीत धुतली. पट्टीतली मुळं विटकरी आणि आखूड. बाहेरच्यांवरही थोडा गंज होता, पण टोकं पांढरी होती, आणि मुळं हातभर लांब. ती पांढरी टोकं बघून मला जे वाटलं, ते सांगायला शब्द नाहीत. बादली घेऊन मी तशीच घरात गेले आणि अम्मांना दाखवली. त्यांनी मुळं बोटांत धरून ओढून बघितली, वास घेतला आणि म्हणाल्या, "आंबट नाहीये."

बाहेरच्या भाताला लोंब्या आल्या त्याच्या आठ दिवसांनी पट्टी निसवली. कापणी यंत्रानं होते, पण पट्टी आणि तिच्या बाजूचे पाच सेंट आम्ही विळ्यानं कापले, वेगळे झोडले, वाळवले, तोलले. पट्टीत ४८ किलो. बाजूच्या पाच सेंटमध्ये ८६ किलो. सबंध शेताचा हिशोब एकरी सतरा क्विंटलच्या थोडा वर गेला. कुट्टनाडातल्या चांगल्या शेतांत याहून जास्त होतं, करी जमिनीला हे पुष्कळ आहे. बाबांना आकडे सांगितले. त्यांनी ते वहीत लिहून घेतले. आमच्या राजापूरच्या शेताच्या वहीत.

२०२४ मध्ये पुन्हा माती तपासली. सामू ४.६. उपलब्ध स्फुरद अजून कमीच, पण पहिल्यासारखा शून्याजवळ नाही. राजफॉस एका हंगामात संपत नाही, उरलेला पुढच्या पिकालाही थोडाथोडा मिळत राहतो, म्हणून त्या वर्षी एकरी दीडच पोतं टाकलं. शेजारच्या चेट्टननी माझ्याकडून तारखांचा कागद उतरवून घेतला. त्यांच्या जमिनीचा सामू वेगळा आहे, आधी माती तपासा, असं मी दोनदा सांगितलं. त्यांनी तपासली.

पट्टी पुन्हा ठेवायचीच होती, त्याच जागी. दोन वर्षं स्फुरदाविना काढल्यावर तिचं काय होतं, हे मला बघायचं होतं. राजफॉस कालवायच्या सकाळी मी मेर दुरुस्त करायला गेले, तर अम्मा आधीच तिथं होत्या. साडीचा ओचा खोचलेला, हातात टोपली, आणि पूर्वेच्या बांधालगत राखाडी पीठ पडत होतं. मी थांबवलं नाही. मेर मोडून टाकली, उरलेलं पीठ आम्ही दोघींनी पायांनी चिखलात कालवलं, आणि नवी पट्टी मी पश्चिमेला आखली, तीन सेंटची, त्यांच्या नजरेआड.